दोघांपुरती भाषा

स्पीच थेरपिस्टने हातातल्या टॅबवरचं चित्र बदललं. हिरव्या कापडाच्या तंबूत, तिच्यासमोर कुशीवर निजलेल्या बाईने डोळे बारीक केले आणि म्हटलं, "ही आहे कात्री."

"छान. पुढचं."

"हा आहे पंखा."

"छान."

"दरवेळी छान म्हणू नका हो मॅडम. मी शिकाऊ माणसाला छान म्हटलं की तो पुढच्या मिनिटाला गाडी खांबाला घालतो."

कापडाच्या पलीकडे भूलतज्ज्ञ हसला. सर्जन हसले नाहीत. त्यांच्या हातात पेन्सिलीसारखी बारीक सळई होती आणि तिचं टोक त्या बाईच्या उघड्या मेंदूपासून केसभर अंतरावर होतं.

बाई गाडी चालवायला शिकवायची. अर्धं गाव तिच्या शेजारच्या सीटवर बसून रस्त्याला लागलं होतं, आणि सगळे तिला मास्तरीण म्हणत. मास्तरणीच्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ होती. नेमकी बोलण्याच्या जागेला खेटून. म्हणून कवटी उघडून झाल्यावर तिला मुद्दाम जागं केलं होतं. सर्जन मेंदूवर नंबर दिलेल्या एकेका जागी सळई टेकवत, तिथे क्षणभर करंट जाई आणि तेवढा वेळ त्या जागेचं काम बिघडे. मास्तरीण बोलत राहिली तर जागा मोकळी, कापायला हरकत नाही. अडखळली तर तिथे हात लावायचा नाही. हा नकाशा कुणाचाच कुणासारखा नसतो, त्यामुळे प्रत्येकाचा नव्याने काढावा लागतो. मास्तरीण अडखळली की नाही, हे ठरवणं थेरपिस्टचं काम होतं.

"मला हो किंवा नाही सांगायचं," सर्जनांनी सकाळी हात धुताना तिला बजावलं होतं. "निबंध नको."

नुसतं नाव न सांगता "ही आहे", "हा आहे" असं पूर्ण वाक्य बोलायचं, हे तिने मास्तरणीकडून आदल्या दिवशी घोटवून घेतलं होतं. वाक्य सुरू होऊन शब्दच आला नाही तर शब्द हरवला. वाक्यच सुरू झालं नाही तर जीभ अडकली. दोन्हींत फरक असतो.

"सात नंबर," सर्जन म्हणाले. बारीकसा बीप वाजला.

पडद्यावर शिडी होती.

"ही आहे आलुकी," मास्तरीण म्हणाली.

थेरपिस्टचं बोट टॅबवर तसंच राहिलं. "पुन्हा सांगाल?"

"शिडी." बीप थांबला होता. "शिडी आहे. का?"

"काही नाही. पुढचं बघा."

सहा नंबर, आठ नंबर, सगळं ठीक. मग मध्येच, न सांगता, सर्जनांनी पुन्हा सातवर सळई टेकवली. पडद्यावर छत्री होती.

"हे आहे गुडंब."

"काय म्हणालात?"

"छत्री म्हणाले की."

आणखी काही जागा झाल्या. पुन्हा सात. पडद्यावर कासव.

"हा आहे मिंपो," मास्तरीण म्हणाली. अगदी सहज, रोजचा शब्द असावा तसं.

"नाही ना?" सर्जनांनी विचारलं. "शब्द मोडतायत. सात सोडून देऊ."

शब्द मोडताना थेरपिस्टने पुष्कळांना ऐकलं होतं. कात्रीचं कारती होतं, कातळी होतं. मूळ शब्दाचा काहीतरी तुकडा चिकटून राहतो. इथे शिडीचा एकही तुकडा आलुकीत नव्हता. आणि दुसरं काहीतरी होतं, जे तिच्या कानाला खडा लागावा तसं टोचत होतं.

"मास्तरीणबाई," ती वाकून म्हणाली, "गुडंब म्हणजे काय?"

मास्तरणीचे डोळे तिच्याकडे वळले. बाकी काहीच हलवता येत नव्हतं. डोकं लोखंडी चौकटीत घट्ट बसवलेलं होतं.

"काय?"

"तुम्ही आत्ता म्हणालात. गुडंब. आलुकी."

"छे. मी कशाला असलं काही म्हणेन?" ती म्हणाली. "असले शब्द नाहीत."

आवाज ठाम होता. पण वरच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि नाकाच्या कडेवरून उशीत उतरलं. थेरपिस्टने कापसाने ते टिपलं.

"सर, मला थोडा वेळ हवाय."

"कशासाठी?"

"हे मोडके शब्द नसावेत. दुसरी एखादी भाषा असावी."

"तिला एकच भाषा येते. नवऱ्याने सांगितलंय."

"कासवाला ती 'हा' म्हणाली, सर."

"म्हणजे?"

"बिघडलेलं कासव असतं तर तिने 'हे' म्हटलं असतं. ती 'हा आहे मिंपो' म्हणाली. छत्रीला 'ही' म्हणायला हवं होतं, तर म्हणाली 'हे आहे गुडंब'. प्रत्येक शब्दाला त्याचं स्वतःचं लिंग आहे. जो शब्दच नाही त्याला ते कुठून येणार?"

"हा निबंध झाला," सर्जन म्हणाले. पण सळई बाजूला ठेवल्याचा आवाज आला. "ऐका. सातच्या खाली गाठीचा मोठा भाग आहे. तो राहिला तर वर्ष-दोन वर्षांत आपण सगळे पुन्हा इथेच येऊ, आणि तेव्हा इतकं सोपं नसेल. पण तिचं बोलणं जाणार असेल तर मी तिथे जाणार नाही. तिला फार वेळ जागं ठेवता येत नाही. थकली की चूक थकव्याची की करंटची, ते तुम्हालाही कळणार नाही. लवकर काय ते करा."

परिचारिका बाहेर गेली. मास्तरणीचा नवरा सकाळपासून बाकावर बसून होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि वाट बघताना तो स्वतःचाच चष्मा पुसून पुसून काच झिजवत होता. परिचारिका परत आली ती त्याचा फोन घेऊन.

"असले शब्द कधी ऐकले नाहीत म्हणतात," ती कुजबुजली. "पण मास्तरणींना जुळा भाऊ आहे. लहानपणी दोघं आपसांत काहीतरी वेगळंच बोलायचे, असं सासूबाई सांगायच्या म्हणे. त्याला विचारा म्हणाले. आणि…" तिने मास्तरणीकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "दोघांचं बोलणं बंद आहे. आई गेली तेव्हापासून. तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, जगाला गाडी चालवायला शिकवतेस, आणि आईला वेळेवर दवाखान्यात नेता आलं नाही तुला."

फोनच्या पडद्यावर नाव होतं: लिफ्ट दुरुस्ती.

"भावाचाच नंबर आहे," परिचारिका म्हणाली. "बायकोला दिसू नये म्हणून असा ठेवलाय. तो खरंच लिफ्ट दुरुस्त करतो."

थेरपिस्ट थिएटरच्या कोपऱ्यात गेली. परिचारिकेने फोन तिच्या कानाशी धरला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि त्या मागोमाग पोकळीत घुमणारा एक आवाज.

"बोला भाऊजी. काय झालं?"

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या बहिणीचं ऑपरेशन चालू आहे."

पलीकडचा खडखडाट थांबला.

"कसलं ऑपरेशन?"

"मेंदूचं. त्या जाग्या आहेत, बोलतायत. बाकी सगळं तुमचे भाऊजी सांगतील. मला आत्ता तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. मी काही शब्द म्हणते. अर्थ माहीत असेल तर सांगा, नसेल तर नाही म्हणा. अंदाज करू नका. बहिणीसाठी बरं काय, वाईट काय, असलं काही मनात आणू नका."

"मेंदूचं म्हणजे…"

"आलुकी."

त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हा शब्द तुम्हाला कोणी सांगितला?"

"अर्थ सांगा."

"शिडी," तो म्हणाला. "मी आत्ता शिडीवरच उभा आहे."

"गुडंब."

"छत्री. मोठी असते ती. काळी." त्याचा आवाज चिरकला. "तिने सांगितलं का तुम्हाला? तिने स्वतःहून?"

"मिंपो."

"म्हातारा."

थेरपिस्टने मास्कच्या आत ओठ घट्ट मिटले. "नीट ऐकलंत ना? मिंपो."

"हो. मिंपो म्हणजे म्हातारा माणूस."

आणखी काही अर्थ होतो का, असं विचारायचा मोह तिने आवरला. प्राणी आहे का, पाण्यात राहतो का, असं एक बोट जरी दाखवलं असतं तरी तो बहिणीसाठी हो म्हणाला असता. त्या 'हो'चा मग काही उपयोग नव्हता.

"काय म्हणतोय?" सर्जनांनी विचारलं.

"दोन बरोबर."

"आणि तिसरा?"

"मिंपो म्हणजे म्हातारा माणूस, म्हणतो."

"कासव दाखवलं आणि ती म्हातारा म्हणाली, असं असेल तर तो चुकीचा शब्द आहे. मग तो कुठल्या का भाषेतला असेना. हो की नाही?"

"अजून नाही सांगता येत, सर."

"मॅडम," फोनमधला आवाज म्हणाला, "तुम्ही तिचे शब्द मला सांगताय. त्यापेक्षा तिला बोलू द्या ना. मी ऐकतो."

भूलतज्ज्ञाने आकड्यांकडे पाहिलं आणि खांदे उडवले. सर्जन म्हणाले, "करा काय करायचं ते." परिचारिकेने फोन एका पारदर्शक पिशवीत घातला, स्पीकर चालू केला आणि कापडाच्या तंबूत, मास्तरणीच्या हाताजवळ ठेवला.

"कोण आहे?" मास्तरणीने विचारलं.

फोनमधून आवाज आला. एकच लहान वाक्य, शेवटाला वर चढलेलं. थेरपिस्टला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

मास्तरणीचा चेहरा आधी कडक झाला. "याला कोणी बोलावलं?" ती थेरपिस्टला म्हणाली. "कोणी सांगितलं होतं बोलवायला? माझं डोकं उघडं टाकून मला भेटायला माणसं आणताय?"

कोपऱ्यातल्या यंत्राचा सूर भरभर वाजू लागला. "रक्तदाब वाढतोय," भूलतज्ज्ञ म्हणाला. तिच्या उजव्या हाताची बोटं थरथरली, मग मनगट.

"गार पाणी," सर्जन शांतपणे म्हणाले. झटका आवरायला मेंदूवर पाणी ओतल्याचा आवाज आला. बोटं हळूहळू थांबली.

"फोन बंद करते," थेरपिस्ट म्हणाली.

"थांबा," मास्तरीण म्हणाली.

फोनमधला आवाज पुन्हा बोलला. तेच वाक्य, पण आता हळू, अंधारात कुणाला तरी हाक मारावी तसं. आणि मास्तरणीने उत्तर दिलं.

थेरपिस्टने डोळे मिटून घेतले. भाषा कळत नसली की माणूस बाकी सगळं ऐकू लागतो. त्याचं वाक्य संपतं तिथेच हिचं सुरू होत होतं, मध्ये फट नाही. एकदा दोघं एकदम बोलले आणि दोघंही थांबले. एकदा तो काहीतरी म्हणाला आणि हिने चटकन तोडलं, शिकाऊ माणसाने चुकीचा गिअर टाकल्यावर तोडावं तसं. त्याने तो शब्द सुधारून पुन्हा म्हटला. मग तिने काहीतरी सांगितलं, त्यात मिंपो होता, आणि दोघंही हसले. एकाच क्षणी. तो आधी आणि ही नंतर असं नाही. नुसत्या आवाजाला कुणी असं हसत नाही.

"मॅडम," भाऊ म्हणाला, "ती म्हणते, चित्रात पाठीवर घर घेऊन फिरणारा मिंपो होता. कासव होतं का? माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. जिना चढायला लागले की आमचा खेळ होऊन जायचा तरी ते मधल्याच पायरीवर. ते मिंपो. मग कासवालाही आम्ही मिंपोच म्हणायला लागलो. कुठे कासव दिसलं की तो बघ मिंपो."

म्हणून 'हा'. थेरपिस्टने डोळे उघडले.

"सर, हो."

"हो म्हणजे?"

"ती भाषा आहे. शब्द मोडत नाहीयेत. ती दुसऱ्या भाषेत जातेय."

सर्जन म्हणाले, "तिला त्या भाषेत बोलत ठेवा."

मास्तरीण बोलत राहिली. सातवर सळई टेकली, या वेळी करंट थोडा जास्त. तिचं वाक्य मधोमध तुटलं. ओठ हलत होते, डोळे मोठे झाले होते, पण शब्द नव्हता. "हॅलो?" फोनमधून घाबरा आवाज आला. "काय झालं? हॅलो?" सळई उचलली. तुटलेला शब्द तिथूनच पुढे सुरू झाला. मग तितकाच करंट ठेवून रोजची भाषा: ही आहे कात्री, ही आहे खिडकी, हा आहे पंखा. एकही चुकलं नाही. पुन्हा भावाची भाषा, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदाही तसंच.

"सात नंबर त्या भाषेचा आहे," सर्जन म्हणाले. "करंट कमी असला की ती जागी होते, जास्त झाला की बंद पडते. रोजची भाषा शेजारून जाते, ती सुरक्षित आहे. मी जाऊ शकतो." ते थोडे घुटमळले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी कापडाच्या कडेवरून वाकून मास्तरणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला प्रश्न विचारला. "पण ती भाषा बहुतेक जाईल. तुमचं काय म्हणणं आहे?"

मास्तरणीने समोर पाहिलं. समोर थेरपिस्ट होती आणि टॅबवर अजून पंखा होता.

"किती माणसं बोलतात ती भाषा, विचारा मला," ती म्हणाली.

कुणी विचारलं नाही.

"आई होती तेव्हा तिला थोडी थोडी कळायची. आता दोघंच. आणि आम्ही दोघं तर बोलतच नाही." "गाठ काढली तर मी किती दिवस गाडी चालवीन?"

"पुष्कळ," सर्जन म्हणाले. "सगळी निघाली तर पुष्कळ."

"मग काढा. पण आधी मला त्याच्याशी बोलू द्या. जरा वेळच."

फोनमध्ये तो सगळं ऐकत होता. तो बोलू लागला. लांबलचक. मध्ये मध्ये थांबत, एखादा शब्द शोधत, कारण ती लहान मुलांची भाषा होती आणि मोठ्यांच्या गोष्टींना तिच्यात शब्द नसावेत. तो आहे त्याच शब्दांना शब्द जोडत होता. शिडी, छत्री, म्हातारा. थेरपिस्टला मधूनच आलुकी ऐकू आलं. एका जागी त्याचा आवाज फुटला आणि लिफ्टच्या पोकळीत घुमत राहिला. मास्तरीण मध्ये बोलली नाही. ऐकताना तिची उजवी मूठ हळूहळू सैल होत गेली. शेवटी तिने एक लहानसं काहीतरी म्हटलं, दोन शब्दांचं असावं, आणि थेरपिस्टला म्हणाली, "ठेवा आता फोन."

सर्जनांनी काम सुरू केलं. आता तिने सलग बोलत राहायचं होतं, थांबली की लगेच कळावं म्हणून.

"गाडी मागे घ्यायला शिकवा मला," थेरपिस्ट म्हणाली. "मला अजून जमत नाही."

"कुणालाच जमत नाही. आधी आरशात बघायचं. मग मान वळवून मागे बघायचं, आरशावर विश्वास ठेवायचा नाही. लोक स्टिअरिंगला असे लटकतात जसं काही बसच्या दांडीला. सैल धरायचं. गाडीला ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला चाक फिरवायचं, त्यात अक्कल लागत नाही. मग क्लच…"

ती थांबली.

सर्जनांचा हात थांबला. भूलतज्ज्ञाने मान वर केली. थेरपिस्ट तिच्या ओठांकडे बघत होती.

"मग क्लच," मास्तरीण म्हणाली. "क्लच…"

"हं, क्लच."

"क्लच हळूच सोडायचा. पाणी द्या ना जरा. घसा सुकलाय नुसता."

थेरपिस्टने ओल्या कापसाने तिचे ओठ भिजवले.

"बोलतेय, सर. ठीक आहे."

"ऐकतोय मी," सर्जन म्हणाले. "मलाही मागे घेता येत नाही."

आठवडा व्हायच्या आत मास्तरीण उशीला टेकून बसू लागली. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजलेला, आणि वॉर्डमधल्या व्हीलचेअर कशा चुकीच्या वळवतात त्याबद्दल प्रत्येकाला सूचना. पहिले दोन दिवस शब्द अडत होते, पण मग सुटले. गाठ पूर्ण निघाली होती. थेरपिस्ट टॅब घेऊन आली तेव्हा खाटेजवळच्या स्टुलावर एक माणूस बसला होता. तेच कपाळ, तीच रुंद जिवणी, फक्त मिशी जास्त. हात गुडघ्यांवर ठेवून तो असा बसला होता की आता कुणी ऊठ म्हणेल.

"हे आहे कासव," मास्तरीण म्हणाली.

"आणखी काही म्हणता येईल याला? तुमच्या दोघांच्या भाषेत?"

मास्तरीण विचार करू लागली. चेहऱ्यावर ताण नव्हता. घरातली एखादी वस्तू नेहमीच्या जागी शोधावी आणि तिथे काहीच नसावं, तसा तो चेहरा होता.

"शेजारी एक आजोबा होते," ती म्हणाली. "जिना चढायचे. त्यांना आम्ही काहीतरी म्हणायचो."

"मिंपो," भाऊ म्हणाला.

"मिंपो," तिने म्हणून पाहिलं. नव्याने ओळख करून दिलेल्या माणसाचं नाव उच्चारावं तसं. "असेल."

त्याने आणखी एक वाक्य म्हटलं, शेवटाला वर चढणारं. फोनवरचं तेच पहिलं वाक्य, थेरपिस्टने ओळखलं. मास्तरणीने त्याच्या ओठांकडे लक्ष देऊन पाहिलं, आणि मग थोडी ओशाळून हसली. त्याने मान हलवली आणि खिडकीकडे पाहू लागला.

थेरपिस्टने टॅब बंद केला. ती उठणार तेवढ्यात मास्तरीण म्हणाली, "तू त्या दिवशी फोनवर खूप वेळ बोललास. ते आठवतं मला."

"हं."

"ऐकून बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं की मग पुढचं काही वाटलंच नाही, तेही आठवतं. पण तू काय म्हणालास ते गेलं." तिने चादरीची कड सरळ केली. "काय म्हणाला होतास?"

भावाने थेरपिस्टकडे पाहिलं. त्या दिवशी थिएटरमध्ये जे कुणी होतं त्यांतल्या एकालाही त्यातलं काही कळलं नव्हतं. तो काहीही सांगू शकला असता. भिऊ नकोस म्हणालो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"आपल्या भाषेत बोललो होतो," तो म्हणाला.

"ती आता तुझ्या एकट्याची. माझ्याशी साध्या भाषेत बोल."

"साध्या भाषेत अवघड आहे ते."

"आई गेली त्या दिवशी साध्याच भाषेत बोलला होतास," मास्तरीण म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती, शेजारच्या सीटवर बसून शिकाऊ माणसाने चावी फिरवण्याची वाट बघावी तशी.

त्याने स्टूल थोडं पुढे ओढलं. दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "त्या दिवशी," तो म्हणाला आणि थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आईला न्यायचं होतं त्या दिवशी, तू मला फोन केला होतास, आणि मी…"

थेरपिस्टने बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं. चष्मेवाला थर्मास आणि तीन कप घेऊन दारापाशी पोचला होता. त्याने आत जायला हात पुढे केला. ती दारातून हलली नाही.

"चहा गार होईल हो," तो म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला एक कप घेऊन बाकावर बसली.